बेळगावात नव्यानं आलात? घटस्थापनेपासून त्रिपुरीपर्यंतचे शनिवार-रविवार

दरवर्षी जून-जुलैत बेळगावात नवी माणसं येतात. कुणी बँकेत बदली होऊन, कुणी मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंगला, कुणी सांबऱ्याला हवाई दलाच्या केंद्रात, कुणी लग्न करून. पावसाळाभर ती घरात अडकतात, कारण इथला पाऊस छत्रीला जुमानत नाही. गणपती येऊन जातात आणि सप्टेंबर सरता सरता ही माणसं विचारायला लागतात, "इथं रविवारी करायचं काय असतं वो?"

असतं भरपूर. पण बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, पाहुण्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नसतात आणि आमंत्रण घरी येत नाही. म्हणून नवा माणूस लांब उभा राहून बघतो, दोन फोटो काढतो आणि परत जातो. मी शहापुरात मागांच्या खटखटीत वाढले. आमच्या गल्लीत कुणी नवीन आलं आणि मांडवाची एक दोरी जरी धरली, तरी दुसऱ्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. हा लेख त्या दोरीपर्यंत पोचण्यासाठी. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे साधारण सहा-सात आठवडे कसे घालवायचे, ते क्रमानं सांगते.

आधी कॅलेंडर लावा

भिंतीवर तिथी दाखवणारी मराठी दिनदर्शिका लावा. इथले अर्धे कार्यक्रम तिथीवर चालतात आणि अर्धे रविवारवर. नवरात्र, दसरा, कोजागिरी, काकड आरती, तुळशीचं लग्न, त्रिपुरी ही तिथीची. वार कुठलाही येऊ शकतो. बैठका, तालमी, व्याख्यानं, किल्ले बघायला फिरणं ही शनिवार-रविवारची. दोन्ही एकाच कागदावर लिहिलीत की कुठला रविवार रिकामा आणि कुठला गच्च, ते कळतं.

तिसरी गोष्ट कॅलेंडरात छापलेली नसते, ती म्हणजे सुगी. बेळगाव, खानापूर तालुक्यांचा पश्चिम भाग भाताचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, बांधणी, मळणी सुरू असते आणि त्या दिवसांत खेड्यातला माणूस कुठल्याही कार्यक्रमाला मोकळा नसतो. नाटकाच्या तालमी थांबतात, भजनात माणसं कमी दिसतात. "गावात काही चाललेलं दिसत नाही" असं म्हणण्याआधी शिवारात नजर टाका.

बातमी कळायच्या तीन जागा. पहिली, सकाळच्या मराठी पेपरचं स्थानिक पान. बेळगावचं 'तरुण भारत' १९१९पासून निघतं. नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीचा उद्याचा मार्ग, कुठल्या मंदिरात कीर्तन, कुठल्या गावात बैठक, हे बारीक टायपात का होईना, सापडतं. दुसरी, गल्लीच्या तोंडावरचा फळा. तो वाचायची सवय लावा, कारण त्यावर खडूनं लिहिलेलं सहसा बदलत नाही आणि मोबाईलवर आलेलं तीनदा बदलतं. तिसरी, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दुकानदाराला विचारलंत तर माहिती मिळतेच, शिवाय तुम्ही विचारलंत ही गोष्टही गल्लीभर जाते.

पाट्या मात्र मुख्यतः कन्नडमध्ये असतात, बसच्यासुद्धा. कन्नड अक्षरं आणि आकडे ओळखण्यापुरते शिकून घ्या. महिनाभर रोज पंधरा मिनिटं दिलीत तर जमतं, आणि उचगावची बस कुठली नि कडोलीची कुठली, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही. कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र असलेल्या बायकांना २०२३पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. शनिवार हा बेळगावच्या बाजाराचा दिवस, तेव्हा शनिवारी संध्याकाळी खेड्याकडे जाणाऱ्या बसमध्ये उभं राहायची तयारी ठेवा.

पहिला शनिवार वाचनालयात

नवरात्राच्या आधीच्या शनिवारी गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जा. ते १८४८चं आहे. सभासद व्हा आणि सूचना फलक वाचा. शहरात कुणाचं व्याख्यान आहे, कुठं नाटक लागलंय, हे तिथं बसणाऱ्या ज्येष्ठांना तोंडपाठ असतं. एखाद्या आजोबांशेजारी पेपर वाचत अर्धा तास बसा. "कुठले तुम्ही?" हा प्रश्न येणारच, आणि तिथून पुढचं बोलणं ते स्वतःच चालवतात.

नाटक-गाण्यासाठी कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर, चित्रप्रदर्शनासाठी टिळकवाडीतलं वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन, ही दोन नावं लक्षात ठेवा. के. बी. कुलकर्णी हे बेळगावचे चित्रकार. त्यांच्या हाताखाली इथं चित्रकारांची पिढी तयार झाली. आणि गाण्याचं म्हणाल तर कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, इथून जवळच्या सुळेभावीचा. दिवाळीच्या दिवसांत पहाटेच्या गाण्याच्या बैठका होतात. तिथं उशिरा जाऊन पुढं घुसू नका. मागच्या सतरंजीवर बसा, चपला ओळीत काढा आणि गाणं चालू असताना उठू नका. ऑक्टोबरअखेर बेळगावची पहाट चांगलीच गार असते, शाल न्या.

नवरात्र: पहाटे पाचला उठा

नवरात्रात बेळगावात दुर्गामाता दौड निघते. पहाटेच्या अंधारात शेकडो माणसं पांढरे कपडे आणि भगवे फेटे घालून, पुढं ध्वज घेऊन गल्ल्यांतून धावतात. रोजचा मार्ग वेगळा, दसऱ्याला सांगता. ज्या गल्लीतून दौड जाणार, तिथं आदल्या रात्री झोप नसते. रस्ता झाडून धुतात, रांगोळ्या घालतात, दारात समया लावतात, पोरं शिवकालीन वेश करून उभी राहतात.

धावायचं असेल तर एवढं करा. आदल्या दिवशी पेपरात मार्ग बघा. पांढरा सदरा, साधी विजार. बायकांना सलवार-कुर्ता किंवा नऊवारी, जे अंगाला सवयीचं. पुष्कळजण अनवाणी धावतात, पण तुमच्या पायांना सवय नसेल तर बूट घाला, कुणी काही म्हणत नाही. ध्वजाच्या पुढं जायचं नाही. वेग स्पर्धेचा नसतो. शेजारचा माणूस ज्या चालीनं जातो त्याच चालीनं जायचं. दम लागला तर कडेला व्हा, मधेच थांबू नका, मागच्यांचा पाय अडकतो.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी धावू नका, रांगोळी घाला. तुमच्या गल्लीत दौड येणार त्याच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास खाली उतरा आणि ज्या काकू ठिपके मोजत असतील त्यांना विचारा, "मी रंग भरू काय?" रांगोळीत रंग भरायला नेहमीच माणूस कमी पडतो. आमच्या शेजारी विदर्भातून बदलून आलेलं एक जोडपं राहायचं. दोन महिने त्यांची कुणाशी ओळख नव्हती. त्या रात्री बाईंनी गुलाबी रंगाचा डबा हातात घेतला, रात्री एकला आमच्या घरी चहा प्यायल्या आणि पुढं तीन वर्षं आमच्या गल्लीच्या हळदीकुंकवाची यादी त्याच करत होत्या.

याच दिवसांत मुलींचा हादगा असतो. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू होतो, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हत्तीचं चित्र मांडून त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. घरात लहान मुलगी असेल तर तिला पाठवा आणि एक दिवस खिरापत तुमच्याकडे घ्या. डबा वाजवून पोरी ओळखायला लागतात, तेव्हा तुमच्या गावाकडचा पदार्थ करा. इथल्या पोरींना तो ओळखता येत नाही आणि महिनाभर तुमचं नाव निघतं.

खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजतात. शहापूर, खासबाग, वडगावात विणकर माग पुजतात. तो दिवस मागावरचं विणकाम बघायला जाण्याचा नाही, माग बंद असतो. पण प्रसादाला बोलावलं तर जरूर जा, आणि मग एखाद्या साध्या शनिवारी साडी विणताना बघायला येऊ काय, ते तिथंच विचारा.

दसऱ्याला दुपारनंतर वेगवेगळ्या गल्ल्यांतून देवांच्या पालख्या आणि सासनकाठ्या सीमोल्लंघनाच्या मैदानाकडे निघतात. गाडी घरी ठेवून चालत जा. सोनं देताना मराठीत "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणतातच, पण शेजारी कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्याकडे शमीला बन्नी म्हणतात आणि वाक्य असं असतं: "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. हे एक वाक्य पाठ करून त्या संध्याकाळी चार दारांत म्हणा. मी ते वयाच्या सहाव्या वर्षी शेजारच्या अज्जींकडून शिकले आणि अजूनही दसऱ्याला पहिलं त्यांच्याच घरी जाते.

कोजागिरीचं फार सांगायला नको. गच्चीवर दूध असतं, तुमची वर्गणी विचारायची आणि वेळेवर द्यायची, पातेली घासायला थांबायचं.

दिवाळी: किल्ला

इथं मी थोडी जास्त थांबणार आहे. बेळगावच्या दिवाळीत फराळाइतकाच किल्ला महत्त्वाचा. गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, घरच्या अंगणातल्या दोन हाताच्या किल्ल्यापासून मंडळाच्या अख्खा रस्ता अडवणाऱ्या प्रतिकृतीपर्यंत. संध्याकाळी कुटुंबच्या कुटुंब किल्ले बघत फिरतात. नव्या माणसाला शिरायला याहून मोकळी वाट नाही, कारण किल्ल्याला दगड वाहणारा माणूस कधीच जास्त होत नाही.

तीन आठवडे धरा.

दिवाळीच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी एक खरा किल्ला चढून या. सगळे रायगड करतात, पण रायगड पाहिलेला नसतो आणि मग चित्रातून काढलेला डोंगर तयार होतो. येळ्ळूरचा राजहंसगड शहराजवळ आहे, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. थोडं पुढं चंदगड तालुक्यात महिपालगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड आहेत. वर गेलात की तीन गोष्टी बघा: वाट दरवाजाकडे कशी वळते, तटबंदी डोंगराच्या कडेनं कशी फिरते आणि पाणी कुठं साठवलंय. पोरांना वही द्या, काढू द्या. बेळगाव शहरातला भुईकोट किल्लाही बघा. तो १२०४ साली रट्टांच्या राजवटीत बिचिराजानं बांधला. आत त्याच काळातली कमल बस्ती आहे. भुईकोटाला डोंगर नसतो, खंदक असतो, हे पोरांना उभं राहून दाखवलं की पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

पुढच्या शनिवारी सांगाडा. जागा अशी निवडा की वरून नळाचं किंवा पागोळीचं पाणी पडणार नाही. खाली दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौलं रचून उंचवटा करा. त्यावर जुनी गोणपाटाची पोती चिखलात बुडवून अंथरा. पोत्यांना पडलेल्या सुरकुत्याच कडेकपारी होतात, हातानं वेगळ्या करायला लागत नाहीत. माती तांबडी घ्या. शहराच्या पश्चिमेला ती सगळीकडे मिळते. आम्ही एका वर्षी पूर्वेकडच्या शेतातली काळी माती हौसेनं पोतंभर आणली. ओली असताना सुरेख दिसली, दोन दिवसांत वाळली आणि बालेकिल्ल्यापासून पायथ्यापर्यंत बोटभर भेगा पडल्या. तेव्हापासून तांबडी माती, तीही चाळलेली, आणि तिच्यात भाताचं तूस किंवा थोडं शेण. तूस घातलं की माती धरून राहते.

रविवारी पेरणी. इथं बरेचजण मोहरी टाकतात आणि ती उतारावरून घरंगळून खाली जमते. डोंगर बोडका, पायथा हिरवा. अळीव वापरा. अळीव पाण्यात भिजवले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतात. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, आठवड्यात गवत तयार होतं. म्हणून पेरणी दिवाळीच्या साताठ दिवस आधी. पाणी ओतायचं नाही, हातानं शिंपडायचं, सकाळी आणि संध्याकाळी. अवेळी पावसाची सर येतेच, ताडपत्री जवळ ठेवा. वसुबारसेच्या रात्री आमचा प्रतापगड एकदा असाच अर्धा वाहून गेला. पहाटे तीनला अख्खी गल्ली उठून परत माती लावत होती, त्यात दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेला एक वैद्यकीयचा विद्यार्थीही होता. त्याला इथली भाषा नीट येत नव्हती, पण घमेलं उचलायला येत होतं.

चित्रं, म्हणजे मावळे, हत्ती, घोडे, गडावरचे महाराज, बाजारात दिवाळीआधी मांडलेली असतात. मातीची घ्या. मावळ्यांना उगाच पेरू नका. दरवाजावर पहारेकरी, बुरुजावर तोफेपाशी दोघं, वाटेवर बाजारहाटाला चाललेली माणसं, गडाखाली शेत नांगरणारा एक शेतकरी, असं लावलं की किल्ला राहता वाटतो. शेजारी एका पुठ्ठ्यावर किल्ल्याची माहिती लिहा, पण खात्री करून. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४चा, प्रतापगडाची लढाई १० नोव्हेंबर १६५९ची. राजगड केलात तर सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला दाखवा. एखादी माची राहिली तर बघायला येणारी दहा वर्षांची पोरंसुद्धा चूक काढतात.

मग संध्याकाळी फिरा. दुसऱ्याचा किल्ला बघताना उभं राहून निघून जाऊ नका. करणाऱ्या पोराला विचारा, "चोरदरवाजा कुठं केलास?" तो पंधरा मिनिटं सांगतो. स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. तरी पहिल्या वर्षी स्पर्धेत भाग घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या किल्ल्याला हात लावा, असं माझं मत आहे. दिवाळी झाली की मांडलेलं मोडायलाही हजर राहा. चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, माती कुंड्यांत, पोती वाळवून माळ्यावर.

सीमेपलीकडच्या आणि भाषेपलीकडच्या गोष्टी

१ नोव्हेंबर याच दिवसांत येतो. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक शहरात असते आणि त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिवस पाळतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे आणि इथल्या प्रत्येक मराठी घरात त्याची एक आठवण आहे. नव्या माणसानं त्या दिवशी शहराच्या मध्यभागातून प्रवास ठेवू नये. रस्ते भरलेले असतात, बस वळवतात. आणि सीमेबद्दल जाणून घ्यायचं असेल तर मांडवात वाद काढू नका. एखाद्या घरी चहाला बसून म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि ऐका.

कन्नड कार्यक्रमांकडे पाठ फिरवू नका, हे मी मनापासून सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी कित्तूरला उत्सव असतो. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्माच्या सैन्यानं इंग्रजांना हरवलं आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला, त्याची ती आठवण. धारवाडच्या रस्त्याला साधारण पन्नास किलोमीटर. डोळ्ळू, करडी मजल अशी ढोलवादनं बघायला मिळतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कुलगोडचं श्रीकृष्ण पारिजात हा लोकनाट्याचा प्रकार कुठं लागला तर रात्र काढून बघा. सगळे शब्द कळत नाहीत, पण आपल्या खेड्यातलं सोंगी भजन पाहिलेल्याला सत्यभामेचा रुसवा ओळखायला भाषा लागत नाही. चार शब्द जवळ ठेवा: "बर्री" म्हणजे या, "कूडरी" म्हणजे बसा, "ऊटा आय्ता" म्हणजे जेवण झालं काय, आणि "छलो ऐती" म्हणजे छान आहे.

कार्तिक: खेड्यात जा

दिवाळी झाली की खेड्याकडे वळा. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत पहाटे काकड आरती असते. शहराजवळच्या कुठल्याही गावात रविवारी पहाटे पाचला पोचा. पाय धुवा, मागं बसा, टाळ्या धरा. दोन-तीन रविवार नेमानं गेलात की कुणीतरी टाळ हातात देतं. टाळ मिळाला की ठेका आधी ऐका, मग वाजवा. पखवाजवाल्याकडे बघितलं की सगळं कळतं. आरतीनंतर गूळ-शेंगदाणे किंवा चहा मिळतो आणि कुणाकडची मळणी कधी आहे, याची बोलणी तिथंच होतात.

मळणीला बोलावलं तर हो म्हणा. जुने कपडे, डोक्याला टॉवेल, पूर्ण बाह्यांचा सदरा. भाताचं कूस अंगाला लागलं की दिवसभर खाज सुटते. विळा पहिल्या दिवशी मागू नका. पेंढ्या वाहा, पोत्याचं तोंड धरा. दुपारी बांधावर भाकरी, झुणका, कांदा आणि ताज्या मिरचीचा ठेचा येतो. पैसे देऊ करू नका, त्यानं माणसं दुखावतात. पुढच्या वेळी जाताना पोरांसाठी वह्या, नाहीतर शहरातून कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, न्या.

फोटोंचं एक सांगते. झिम्मा-फुगडी चालली असेल, घाटावर दिवे सोडत असतील, तेव्हा आधी विचारा. "काढू काय?" एवढं पुरतं. आणि काढलेला फोटो त्यांना पाठवा. आमच्याकडच्या कितीतरी आज्जींकडे त्यांचा एकटीचा असा एकही फोटो नसतो.

त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी कपिलेश्वराच्या देवळात दीपोत्सव असतो. दक्षिण काशी म्हणतात त्याला. पणत्या, वाती, तेलाची छोटी बाटली आणि काडेपेटी स्वतःची न्या; रेशमी किंवा नायलॉनचा पदर असेल तर खोचून घ्या. सहाच्या आत पोचलात तर पणत्या मांडायला जागा मिळते, सातनंतर फक्त बघायला मिळतं.

पुढच्या हिवाळ्याची तयारी आत्ताच

डिसेंबर ते फेब्रुवारी हे बेळगावच्या खेड्यांतल्या मराठी साहित्य संमेलनांचे दिवस. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, निपाणीकडचं कारदगा, अशा गावांत बहुधा रविवारी मांडव पडतो. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग भाषणं, कथाकथन, दुपारी सगळ्या गावाचं जेवण, शेवटी कविसंमेलन. अखिल भारतीय संमेलनं बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली झाली. १९४६चं माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, तिथूनच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर आला. पण मला जीव लावतं ते खेड्यातलं संमेलन. शेतकरी बाई पहिल्या रांगेत बसून अख्खी कविता ऐकते आणि आवडली नाही तर तसं कवीला जेवताना सांगते.

या संमेलनांच्या बैठका शरदातच होतात. सुगी आवरत आली की रात्री आठ-साडेआठला देवळात किंवा शाळेत माणसं जमतात. बैठक खुली असते. ज्या गावात तुम्ही काकड आरतीला जात होता, तिथंच विचारा आणि जाऊन बसा. अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, यावर चर्चा लांबते, त्यात पडू नका. कविता लिहीत असाल तर नाव त्याच वेळी द्या, आयत्या वेळी मंचावर चिठ्ठी पाठवली तर बरं दिसत नाही. शहरात पाहुण्यांना उतरवायचं असेल तर खोली लवकर बघायला सुचवा. डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज भरलेले असतात.

शेवटी एक वही फिरते, नाव आणि काम लिहायला. नवी माणसं "काहीही करीन" असं लिहितात आणि मग त्यांना कुणी बोलवत नाही, कारण काय सांगायचं ते कळत नाही. नेमकं लिहा. "रविवार, सकाळी सहा ते दहा, खुर्च्या मांडणे" किंवा "पंगतीत वाढणे, दोन माणसं" असं, खाली मोबाईल नंबर. मग सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. मांडवाच्या मागं चहाची किटली आधीच आलेली असते.